दडण

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आहे. पावसाळ्यात नदी त्याला आतून कुरतडते, समुद्र बाहेरून, आणि दिवाळीनंतर तो पुन्हा भरत जातो. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधे कुठेतरी, याहून नेमकं सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तर पुढच्याच रविवारी चार गाड्या थेट वाळूत उतरल्या.

खाडीतल्या चिखलावर चरणारे पक्षी भरतीला या दांड्यावर गोळा होतात. चिखल पाण्याखाली गेल्यावर त्यांना दुसरं कामच नसतं. पाणी उतरेपर्यंत उभं राहायचं, पिसं साफ करायची, एका पायावर डुलकी काढायची. छोटे चिखले असतात, केंटिश चिखले असतात, टिलवे असतात, एखाद्या वर्षी दोनचार कालवफोडे. टोकाला तुरेवाले सुरय आणि कुरव. कित्येक वर्षं मी त्यांना मागच्या सुरूच्या बनातून दुर्बिणीने बघत आलो आणि सुखी होतो. मग कॅमेरा घेतला, आणि नुसतं बघणं पुरेनासं झालं.

आता गंमत अशी की त्या दांड्यावर लपायला काहीही नाही. मर्यादवेल जमिनीला चिकटलेली. सर्वांत उंच झाड म्हणावं तर रावणाच्या मिश्या, म्हणजे ते वाळूतलं टोकदार गवत, आणि तेही गुडघ्याखालीच संपतं. बाकी सपाट वाळू आणि वर आभाळ. जंगलात लपायला अक्कल लागत नाही, झाडामागे उभं राहिलं की झालं. इथे माणूस उभा राहिला की अर्ध्या कोसावरून खांबासारखा दिसतो.

पहिल्या वर्षी मी पैसे टाकून उत्तर विकत घेतलं. घडीचा तंबू, आत स्टूल, पुढे लेन्ससाठी झिप, अंगावर हिरवी-तपकिरी पानं छापलेली. पान नावाची गोष्ट जिथे नाही, तिथे मी पानांचं चित्र घेऊन बसलो. भरती आली, पक्षी आले आणि तंबूभोवती शंभरेक पावलांचं रिकामं वर्तुळ ठेवून बसले. कंपासने आखल्यासारखं. खाऱ्या वाऱ्याने दहा वाजता कापड फडफडायला लागलं, तसं ते वर्तुळ आणखी मोठं झालं.

त्याच संध्याकाळी तंबू वाळत घालताना तात्यांनी पाहिला. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ, वय 87, कान थोडे गेलेले, नजर शाबूत.

"ह्यो मांडव कोणाच्या लग्नाचो?"

तात्यांनी तरुणपणी खाजणात बदकं मारली आहेत, पाणलावे मारले आहेत, एकेका थंडीत किती ते त्यांनाही आठवत नाही. परवान्याची बंदूक होती घरात. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करायची उरलीसुरली वाटही बंद झाली. तात्यांनी त्याच्या बरीच आधी सोडली होती. का सोडली, विचारलं की ते विषय काडतुसांच्या भावावर नेतात. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही.

लपायच्या जागेला ते 'दडण' म्हणतात. आम्ही फोटोवाले 'हाइड' म्हणतो, कारण आम्हाला ती कॅटलॉगमध्ये भेटली. खाजणाच्या बांधावरही तेव्हा आडोसा नसायचाच, भात कापून झालेलं, नुसती खुंटं उरलेली. अशा उघड्या जागी ते कसे बसत, हे मी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने काढून घेतलं. एका बैठकीत सांगतील तर ते तात्या कसले.

पहिला तुकडा: "आधी तोंड झाक. आंग मगे बघ." वरून येणाऱ्या पाखराला सगळ्यात आधी दिसतं ते वर बघणारं तोंड. घामाने चकाकणारं, गोल, आणि हलणारं. त्याखालोखाल हात. शर्ट कुठल्या रंगाचा याला फार पुढचा नंबर. मी हजारो रुपयांचे छापील कपडे घेतले होते आणि चश्म्याच्या काचा उन्हात आरशासारख्या मिरवत होतो.

दुसरा तुकडा: पुढच्यापेक्षा पाठ महत्त्वाची. नवशिका समोर भिंत उभारतो आणि तिच्यावरून डोकं काढून बघतो, म्हणजे मागच्या आभाळावर ते डोकं काळं ठळक उठतं. पाठीमागे काहीतरी हवं, पेंढ्याची एखादी पेंडी का असेना, म्हणजे माणसाची कड तिच्यात विरते. पुढे थोडंच, आणि त्याच्या वरून नाही, त्याच्यातून बघायचं.

तिसरा: "पाखरू आडोशाक भियणा नाय, हालता त्येका भिता." वाळूवर अचानक उगवलेला ओंडका पक्षी एक दिवस संशयाने बघतात, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्यावर बसतात. म्हणून दडण आज बांधून आज बसायची वस्तूच नव्हे. बांधायची आणि सोडून यायचं. तात्या बांधावर आठवडाभर आधी पेंढा नेऊन टाकत. झावळ्या घेतल्या तर आधीच सुकलेल्या. हिरवी झावळी तीन दिवसांत पिवळी पडते, म्हणजे पाखराच्या हिशेबी रोज नवीनच वस्तू.

हे सगळं ऐकूनही मी दुसऱ्या वर्षी खड्डा खणला. झालं असं की परदेशातले हंसांचे शिकारी उघड्या शेतात खड्ड्यात बसतात, वर गवताचं झाकण घेतात, असं कुठेतरी वाचलं होतं. आडोसा नाही तर आपणच जमिनीखाली जावं, या विचारात चूक काही नव्हती. चूक जमिनीत होती. शेताची माती आणि भरतीरेषेची वाळू यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने कोकणात जन्म घेऊन काय केलं, असा प्रश्न पडावा. डिसेंबरची पौर्णिमा, उधाणाची भरती. मी भरतीच्या रेघेपासून चांगला पाच हात वर कमरेएवढा खड्डा खणून, कडेला फळ्या लावून आत बसलेला. लाट माझ्यापर्यंत येणार नव्हती, आणि आलीही नाही. पण समुद्र चढतो तसं वाळूच्या आतलं पाणीही चढतं, हे विहिरीवर वाढलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. साडेदहाच्या सुमाराला बूड गार लागलं. वाकून बघतो तर बॅग तरंगायच्या बेतात. उठावं तर समोर दोनएकशे पक्षी नुकते टेकलेले. न उठावं तर... मी उठलो. सगळा थवा गेला, फळी निसटली, एक बाजू आत आली. एक लेन्स त्यानंतर कधी नीट फोकस झालीच नाही.

खड्डा तसाच टाकून चिडचिडत घरी आलो, तर संध्याकाळी गावातला कासवमित्र दारात. तो काही बोलायच्या आधीच मला कळलं. ऑलिव्ह रिडले कासविणी याच महिन्यांत रात्री वाळूवर अंडी घालायला येतात, आणि पन्नासेक दिवसांनी निघालेली पिल्लं अंधारात समुद्राकडे धावतात. हाताच्या पंजावर मावेल एवढं पिल्लू पावलाच्या ठशातही अडखळतं. माझ्या खड्ड्यात पडलं असतं तर सकाळी कावळ्यांनी आणि कुत्र्यांनी ताटात वाढल्यासारखं उचललं असतं. तो म्हणाला, "चला, दोघं बुजवू." बॅटरीच्या उजेडात खोरं मारताना तो मला काही बोलला नाही, हेच जड गेलं. तेव्हापासून वाळूत वीतभरही खणत नाही.

मधे एक हिवाळा सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, घालवला. तिथेही आडोसा नाही, पण दगड आहेत, आणि दगडांचा गडगा ही आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांची ओळखीची वस्तू. जुन्या पडक्या गडग्याला रोज एक थर असा गुडघाभर कोपरा वाढवत नेला, आठ दिवसांत मलबारी चंडोल त्यावर येऊन गायला लागला. टिटवीचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, ती दुरूनच आख्ख्या सड्याला वर्दी देते. एक सांगायला हवं. सड्यावर दगड उचलताना दोनदा बघावं. एक तर खाली इंगळी असते. आणि कधी कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणी कोरलेलं चित्र असतं. आपली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण यादीत नसलेलीही पुष्कळ आहेत आणि ती आपल्या बुटाखाली असू शकतात.

दांड्याची खाज मात्र जाईना.

उत्तर घरातच होतं, माळ्यावर. गणपतीच्या आधी साफसफाईला वर चढलो तर जुन्या सामानामागे काकीचं इरलं. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मधे वाळकी पानं दाबलेली, आकार अर्ध्या होडीसारखा. लावणीला बायका हे डोक्यावरून पाठीवर घेत. खाली वाकलेलं शरीर, वर इरलं, आणि धो धो पावसात दोन्ही हात मोकळे. प्लास्टिकची खोळ आली आणि इरली माळ्यावर गेली. मला लहानपणीचं दृश्य आठवलं: वाफ्यात ओळीने सात-आठ इरली सरकतायत, आणि त्यांच्यामधून, हातभर अंतरावरून, बगळे खुशाल बेडूक टिपत फिरतायत. आत माणसं बोलतायत, गातायत, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवतायत. बगळ्यांना त्याचं काही नाही.

मी पालथा झोपलो आणि इरलं पाठीवर घेतलं. डोकं, खांदे, कंबरेपर्यंत सगळं आत. उंची जमिनीपासून जेमतेम दीड फूट. तात्या ओसरीवरून बघत होते. तंबूला हसले तसे हसले नाहीत. आत गेले, गोणपाटाचा तुकडा आणून माझ्या पायांवर टाकला.

जागा ठरवायला वेळ लागला. उघड्या किनाऱ्यावर एकच नैसर्गिक आडोसा असतो, आणि आपण त्याला कचरा म्हणतो: भरतीने आणून टाकलेली रेघ. शेवाळ, नारळाची सोडणं, सुरूच्या काटक्या, तुटकी चप्पल, बाटल्या. पक्ष्यांना ती रेघ रोजची. दर भरतीला ती थोडी सरकते, थोडी वाढते, तिच्यात नवा ढिगारा दिसला तर कुणाला आश्चर्य नाही. त्या रेघेतच मी इरलं ठेवलं. वर रावणाच्या मिश्यांचे वाळून वाऱ्याने लोळत आलेले गोळे सुंभाने बांधले, बाजूला एक ओंडका, पाठीमागे सोडणांचा ढीग. सरळ रेघ कुठेही राहू दिली नाही, कारण वाळूत सरळ काही नसतं. एक खबरदारी घेतली. किनाऱ्यावर फुकट मिळणारे जाळ्याचे तुकडे वापरले नाहीत. दिसायला उत्तम, पण त्यात चिखल्याचा पाय अडकला तर सुटत नाही. मग पाच दिवस तिकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी सुरूच्या बनातून दुर्बीण लावली तर इरल्याच्या पाठीवर एक खंड्या.

वेळेचं गणित मला रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या, काकांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करा, येईल ती साधारण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मोबाइलवर आता तक्ते मिळतात, पण पाऊणकीच्या पाढ्याला बॅटरी लागत नाही. मला हवी होती सकाळी नऊची भरती: पहाटे ओहोटी असताना, पक्षी लांब चिखलावर चरत असताना आपण अंधारात जाऊन पडायचं, आणि पाण्याने त्यांना हळूहळू आपल्याकडे आणायचं. म्हणून द्वादशी. घरी एकादशीचा उपास असतो आणि मी दुसऱ्या दिवशी पारणंही न करता पळतो, याबद्दल काकीचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या किनाऱ्याने आपल्याला आयती दिलेली आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, पक्ष्यांच्या अंगावर. हिवाळ्यात सकाळी वाराही जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो आणि वाऱ्याकडेच तोंड करून उभा राहतो, नाहीतर पिसं उलटी होतात. म्हणजे पाठीशी जमीन ठेवून पडलेल्या माणसाकडे सकाळी अख्खा थवा तोंड करून उभा असतो, डोळ्यात सूर्याचा ठिपका घेऊन. दहा-अकराला खारे वारे सुरू झाले की तोच थवा वळतो आणि तुम्हाला शेपट्या दाखवतो. तात्या सांगत की बदकं 'सकाळची मारायची'. त्यांना ऊन-वाऱ्याचं हे कोष्टक कुणी मांडून दिलं नव्हतं, पण सकाळ त्यांची कधी चुकली नाही.

कधी कधी मला याचा त्रास होतो. माझ्या छंदातलं जे काही चालण्यासारखं आहे ते सगळं बंदुकीच्या घरातून आलेलं. सलीम अली लहानपणी तबेल्यात ठेवलेल्या गाडीच्या आड दडून बसले आणि घरट्याशी पहारा देणारा चिमणा त्यांनी छर्ऱ्याने पाडला. थोड्या वेळात मादीने दुसरा नर आणून बसवला, तोही पाडला. सात दिवसांत आठ. त्यांनी त्याची टिपणं ठेवली. तेच पुढे 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला बसून सुगरणीचं बिऱ्हाड महिनोन्‌महिने नुसतं बघत होते, आणि एकेक नर अनेक घरट्यांचा आणि अनेक माद्यांचा संसार कसा करतो ते त्यांनी जगाला सांगितलं. दडून बसायची सवय मात्र दोन्हीकडे तीच. माझ्याकडे टिपणंही नाहीत, फक्त फोटो. आणि दांड्यावरून थवा एकदा उठला की त्या प्रत्येक साठ-सत्तर ग्रॅमच्या जिवाची थोडी चरबी जळते, जी त्याने मार्च-एप्रिलात हिमालय ओलांडण्यासाठी जमवलेली असते, हे मला माहीत आहे. त्यामुळे घरट्यापाशी दडण लावत नाही, महिन्यातून दोन सकाळींवर जात नाही. यातून हिशेब चुकता होतो असा माझा दावा नाही.

पहिल्या द्वादशीला साडेपाचला इरल्याखाली शिरलो. पालथं, कोपरांवर, लेन्सखाली वाळूची पिशवी. सातच्या सुमाराला पावलं आली, थांबली.

"कोण रे तो? जितो आसा मा?"

रापणीला निघालेलं कुणीतरी. मी एक हात बाहेर काढून हलवला. हसले, गेले. ही माणसं रोज तिथून जातात, त्यांच्याबद्दल पक्ष्यांची तक्रार नाही. मोकाट कुत्री आणि वाळूत फिरवायच्या चारचाकी गाड्या, त्यांच्याबद्दल आहे. त्या सकाळी दोन्ही आली नाहीत.

पाणी चढत गेलं. आधी टिलवे आले, लाटेच्या कडेने धावत, चावी दिलेल्या खेळण्यांसारखे. मग चिखले, पाचसहाच्या टोळ्यांनी, वाळूवर टेकले की नाहीसे होत. त्यांना कुठलं इरलं लागत नाही, उलट्या ओंजळीसारखी पाठ केली की झालं. आठ वाजता पहिला फोटो मनासारखा आला. साडेआठला इतके आले की कुणाचा काढावा कळेना. हा अल्बम पुढे मी तात्यांना दाखवला. त्यांनी एक फोटो बराच वेळ धरला, मग विचारलं किती हातांवर होता. मी म्हटलं, दहाबारा.

"इतक्या लागी? आमी आसतंव तर जेवान झाला आसता."

आणि फोटो परत देताना अंगठ्याने त्यावरची न दिसणारी धूळ पुसली.

पण तो दहाबारा हातांचा. नऊला पाणी तुडुंब झालं आणि दांडा अरुंद झाला, तसे मागचे पुढे सरकले. एक छोटा चिखल्या रेघेपर्यंत आला. ओंडक्याच्या आडोशाला वारा कमी लागतो हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो माझ्या समोर, दोन हातांवर येऊन उभा राहिला. लेन्सला पावणेतीन मीटरच्या आतलं काही दिसत नाही. मोटर पुढे-मागे घुरघुरली आणि थांबली, पडद्यावर नुसता करडा डाग. मी बोट बटणावरून काढलं. मान न हलवता, फक्त डोळे, लेन्सच्या कडेवरून.

त्याने एक पाय पोटात घेतला. पाठीवरच्या एका पिसाची कड झिजून फिकट झाली होती. चोचीवर ओल्या वाळूचा एक कण. चोच पाठीच्या पिसांत खुपसली, डोळा मिटला, उघडला, माझ्याकडेच बघत होता की इरल्याकडे ते सांगता येत नाही, पुन्हा मिटला.

माझ्या डाव्या पायाला मुंग्या आलेल्या, पहाटेचा चहा केव्हाचा बाहेर यायला बघत होता, आणि खिशात फोन थरथरला, काकी असणार. पाणी उतरायला अजून दीड तास होता. तोवर उठणं शक्य नव्हतं.